सव्वादोन सेंटिमीटरमधला दरोडा

मे 2021 मध्ये 'आर्मी ऑफ द डेड' नेटफ्लिक्सवर आला, त्या रात्री आमचा टीव्ही बिघडला असंच मला वाटलं. अंधाऱ्या प्रसंगात पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसत होता. उठलो, चष्म्याच्या फडक्याने काच पुसली, तरी ठिपका तिथेच. प्रसंग बदलला तसा तो नाहीसा झाला आणि थोड्या वेळाने भलत्याच ठिकाणी उगवला. तेव्हा लक्षात आलं की टीव्ही ठणठणीत आहे. पुढच्या काही दिवसांत जगभरातले प्रेक्षक हेच सांगू लागले. ठिपका सिनेमातच होता, कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमधून थेट आपल्या दिवाणखान्यापर्यंत आलेला.

दिग्दर्शक झॅक स्नायडर. त्याचा पहिला सिनेमा 2004 चा 'डॉन ऑफ द डेड', तोही झॉम्बींचाच. सतरा वर्षांनी तो परतला दरोड्याची गोष्ट घेऊन: झॉम्बींनी व्यापलेलं, भिंत घालून बंद केलेलं लास व्हेगास, तिथल्या कॅसिनोखालच्या तिजोरीत वीस कोटी डॉलर, आणि अणुबॉम्ब पडायच्या आत ते काढून आणायला निघालेली टोळी. डेव्ह बटिस्टा मुख्य भूमिकेत आहे, आपली हुमा कुरेशी गीताच्या. पण मला सांगायचंय ते गोष्टीबद्दल नाही, एका भिंगाबद्दल. या सिनेमाच्या पडद्यामागचे जेवढे किस्से ऐकले, त्यातले बरेचसे फिरून त्या भिंगापाशीच येतात.

पूर्ण लांबीच्या सिनेमाचं छायाचित्रण स्नायडरने पहिल्यांदाच स्वतः केलं. त्यासाठी त्याने निवडली कॅननची 1961 सालची 50 मिलिमीटरची लेन्स. ती सिनेमासाठी बनलेलीच नव्हती. साध्या फोटोच्या कॅमेऱ्याची ती लेन्स. छायाचित्रकार तिला 'ड्रीम लेन्स' म्हणतात. तिच्यावरचा आकडा आहे एफ 0.95. या आकड्याचा हिशेब सोपा आहे: लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ, इथे 50 मिलिमीटर) भागिले प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास. 50 ला 0.95 ने भागलं की येतात जवळजवळ 53 मिलिमीटर. म्हणजे भिंगाचं तोंड त्याच्या नाभीय लांबीपेक्षाही रुंद! अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली पूर्ण ताणली तरी सातएक मिलिमीटरच्या पुढे जात नाही. एफ 2.8 ची लेन्स चांगली समजली जाते; तिच्यापेक्षा ही लेन्स साडेआठ पटींहून जास्त प्रकाश आत घेते.

प्रकाश भरपूर मिळाला, पण त्याची किंमत मोजावी लागते. समोरच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या पूर्ण तोंडावर पडतो आणि मागे सेन्सरवर पुन्हा एका बिंदूत मिळतो. नरसाळं डोळ्यांसमोर आणा. भिंगाचं तोंड म्हणजे नरसाळ्याचं तोंड आणि जिथे किरण एकत्र येतात ते त्याचं टोक. नरसाळं लांब आणि निमुळतं असेल तर टोकापासून थोडं मागेपुढे सरकलं तरी काप बारीकच राहतो, म्हणून चित्र स्पष्ट दिसतं. पण तोंड एवढं रुंद असेल तर जरा सरकलं की बिंदूचं मोठं वर्तुळ होतं. तीच धूसरता. चित्र स्पष्ट दिसेल अशा अंतराच्या पट्ट्याला कॅमेरावाले 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात, बोलताना नुसतंच 'डेप्थ'.

या लेन्सची डेप्थ मी कागदावर काढून पाहिली. सेन्सरवर 0.03 मिलिमीटरपर्यंतचं वर्तुळ आपल्याला बिंदूच वाटतं, असं धरण्याची प्रथा आहे. त्या हिशेबाने नट एक मीटरवर असेल तर पट्टा भरतो सुमारे 2.3 सेंटिमीटरचा. डोळा स्पष्ट, कान धूसर. तोच चेहरा छिद्र लहान करून एफ 8 ला टिपला तर पट्टा 19 सेंटिमीटर होतो आणि डोकं बहुतेक सगळं त्यात मावतं.

एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून माझ्या 50 मिलिमीटरच्या एफ 1.8 लेन्सने घरीच करून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर मुलीची स्टीलची फूटपट्टी कॅमेऱ्याकडून पलीकडे जाईल अशी ठेवली आणि अर्ध्या मीटरवरून 15 च्या आकड्यावर फोकस केला. 15 ची रेघ सुरीच्या धारेसारखी. 14 आणि 16 वर रेघांच्या कडा पसरल्या. 12 चा आकडा वाचता येईना, आणि पट्टीचं टोक म्हणजे नुसता रुपेरी धूर. एफ 1.8 ला ही तऱ्हा. त्याच अंतरावर त्या जुन्या लेन्सने निम्माच पट्टा दिला असता.

आता सेटवरच्या फोकस पुलरचा विचार करा. चित्रीकरण चालू असताना फोकसची कडी फिरवत नटाला सतत स्पष्ट ठेवणारा हा माणूस. नट बोलता बोलता जरा पुढे झुकला, तरी सव्वादोन सेंटिमीटर केव्हाच ओलांडले. आणि या सिनेमातले पुढारी झॉम्बी धावतात. तीन मीटरवर पट्टा असतो जेमतेम 20 सेंटिमीटरचा. सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने अंगावर येणारा झॉम्बी एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, 21 सेंटिमीटर पुढे आलेला असतो. एका चित्रात स्पष्ट, तर पुढच्यात पट्ट्याबाहेर. सिनेमात जागोजागी चेहरे फोकसमधून निसटताना दिसतात, काहींना ते खटकलं. मला त्या निसटण्यामागे भूमिती दिसते आणि कडी फिरवणाऱ्या हातांबद्दल आदर वाटतो.

जुन्या भिंगाचे आणखी गुण-दोष आहेत. तोंड इतकं रुंद असलं की कडेजवळून येणारे किरण मधल्या किरणांच्या जरा अलीकडे एकत्र येतात. गोलीय विपथन म्हणतात ते हेच. त्यामुळे स्पष्ट भागाभोवतीही मऊ झळाळी राहते. चित्राच्या कडेला दिव्यांचे गोल चेपून मांजरीच्या डोळ्यासारखे लांबट होतात, कारण तिरप्या किरणांना लेन्सच्या नळीचा काठ आडवा येतो. कॅसिनोचे आतले प्रसंग अटलांटिक सिटीतल्या 2014 पासून बंद पडलेल्या एका खऱ्या कॅसिनो-हॉटेलात चित्रित झाले, बाकी बरंचसं न्यू मेक्सिकोत. त्या ओसाड दालनांचं स्वप्नागत रूप बऱ्याच अंशी या विपथनाचं आहे.

आता तो पांढरा ठिपका.

कॅमेरा होता रेड कंपनीचा मॉन्स्ट्रो. त्याच्या सेन्सरवर 8192 गुणिले 4320, म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त प्रकाशपेशी. एकेक पेशी पाच मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. प्रकाश पडला की पेशीत इलेक्ट्रॉन साठतात, ते मोजले की उजेड किती ते कळतं. एखाद्या पेशीच्या सिलिकॉनमध्ये खोट असेल तर प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन झिरपत राहतात, आणि अंधारातही ती पेशी 'उजेड आहे' असं सांगत राहते. तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. आकाशातून येणारे वैश्विक किरणही असा घाव करू शकतात. तुमच्याकडे कॅमेरा असेल तर लेन्सवर झाकण लावून अंधारात तीस सेकंदांचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. काळ्या चौकटीत लाल, निळे, हिरवे कण चमकताना दिसतील. माझ्या कॅमेऱ्यात मी सतरा मोजले, मग सोडून दिलं.

रंग दिसतात त्याचंही कारण आहे. पेशीला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकीवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. उरलेले दोन रंग शेजारणींकडून अंदाजाने भरले जातात. म्हणजे एक पेशी खोटं बोलली की शेजारणींच्या हिशेबातही ते खोटं मिसळतं आणि एका कणाचा छोटा डाग होतो. एरवी कॅमेरा झाकण लावून काळ्या चौकटीवर तपासून घेतात, आणि जे निसटतं ते संकलनानंतरच्या सफाईत पुसलं जातं. इथे काही ठिपके निसटले.

पण ते इतक्या लोकांना का दिसले? पुन्हा तीच लेन्स. सगळीकडे स्पष्ट तपशील असलेल्या चित्रात, मातीत, पानांत, गर्दीत एक ठिपका हरवून गेला असता. इथे चौकटीचा मोठा भाग काळपट, धूसर, सपाट. आपल्या डोळ्याचा पडदा कडांना प्रतिसाद देतो, एकसारख्या भागाकडे दुर्लक्ष करतो. एवढ्या धुराळ्यात एकच टोकदार कण म्हणजे पांढऱ्या सदऱ्यावरचा शाईचा थेंब. शिवाय कॅमेरा फिरला की सगळं चित्र सरकतं, ठिपका मात्र जागच्या जागी. सगळे हलत असताना एकच गोष्ट स्थिर, हे मेंदू लगेच हेरतो. लेन्सने त्या ठिपक्याला लपायला जागाच ठेवली नाही.

सिनेमात हेलिकॉप्टर चालवणारी मरियान पीटर्स आहे, टिग नोटॅरोने साकारलेली. ती टोळीसोबत चालते, बोलते, टोमणे मारते. प्रत्यक्षात त्या नटमंडळींपैकी जवळपास कोणासोबतही ती सेटवर उभी राहिलेली नाही. भूमिका आधी दुसऱ्या अभिनेत्याने केली होती आणि चित्रीकरण संपलं होतं. नंतर त्याच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले आणि 2020 मध्ये, ऐन महामारीत, त्याला काढून नोटॅरोला घ्यायचं ठरलं. तिने हिरव्या पडद्यासमोर, जवळजवळ एकटीने काम केलं आणि तिला जुन्या प्रसंगांत बसवलं गेलं.

हिरवाच पडदा का, याचं उत्तर मघाच्या गाळण्यांत आहे. दर चार पेशींपैकी दोन हिरव्या असतात, त्यामुळे हिरव्यात सेन्सरला सर्वांत जास्त तपशील मिळतो. माणसाच्या त्वचेचा रंगही त्या गडद हिरव्यापासून दूर असतो. संगणक हिरवं तेवढं वगळतो आणि माणूस सुटा होतो. कडा स्पष्ट असेल तर हे सरळ असतं. पण धूसर कडेवर एकेका पिक्सेलमध्ये माणूसही असतो आणि पडदाही, साठ टक्के केस, चाळीस टक्के हिरवं. तो चाळीस टक्क्यांचा हिरवा नेमका काढून तिथे लास व्हेगासचा धूर मिसळायचा. आणि हे एफ 0.95 ने टिपलेल्या चित्रात करायचं, म्हणजे फारसं काही स्पष्ट नसलेल्या चित्रात.

त्याहून अवघड होतं आधीच्या अभिनेत्याच्या मागचं चित्र नव्याने उभं करणं. नोटॅरो कॅमेऱ्यापासून त्याच्याच अंतरावर असायला हवी. अंतर चुकलं तर तिची धूसरता शेजारच्या नटाच्या धूसरतेशी जुळणार नाही. सावली उजवीकडून हवी तर उजवीकडूनच. नजर चार अंश चुकली तरी ती दुसऱ्याच कुणाशी बोलतेय असं वाटतं, कारण समोरचा माणूस नेमका कुठे बघतोय हे ओळखण्यात आपण माणसं फार तरबेज असतो. सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला तो फक्त तिच्यासाठी. ती पुष्कळदा थोडी कडेला, थोडी एकटी दिसते. एरवी काही जाणवलं नाही.

आणि वाघ. व्हॅलेंटाइन नावाचा पांढरा झॉम्बी वाघ, अर्धा चेहरा सडलेला. तो संगणकावर घडला, पण त्याआधी तंत्रज्ञ फ्लोरिडातल्या टँपाच्या बिग कॅट रेस्क्यू केंद्रात गेले आणि सफायर नावाच्या पांढऱ्या वाघाचा अभ्यास केला. सेटवर वाघाच्या जागी एक स्टंटवाला असे. सव्वादोन सेंटिमीटरच्या जगात रिकाम्या हवेवर फोकस करता येत नाही. फोकस पुलरला कुणीतरी जागेवर असावंच लागतं.

पांढऱ्या वाघाचं मूळ मात्र आपल्याकडचं आहे. बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं कूळ 1951 मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापर्यंत जातं. एका जनुकातल्या छोट्याशा बदलाने पिवळा-तांबडा रंग बनत नाही. काळा बनतो, म्हणून पट्टे राहतात. त्या बदलासोबत आणखी एक गोष्ट येते. दृष्टिपटलाकडून मेंदूकडे जाणाऱ्या काही चेतातंतूंची वाट चुकते, जे सरळ जायचे ते ओलांडून पलीकडे जातात, आणि असे कितीतरी वाघ तिरळे असतात. संगणकावर व्हॅलेंटाइनचे मिशांचे केस, कुजलेल्या जबड्याचे स्नायू, सगळं एकेक करून रंगवलं, मग त्यावर लेन्सची धूसरता हिशेबाने चढवली: डोळा स्पष्ट, कान धूसर, जसा एक मीटरवरच्या माणसाचा.