मान न वळवता आभाळ पाहणारी पाटी

महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं. बातमीत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव ही नावं आली, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतले एक काका मला सकाळी दूध आणायला जाताना गाठतात. त्यांचा मुद्दा ठरलेला आहे. "आपलं नागपूर देशाच्या मधात आहे ना बे. झिरो माइल इथंच. म्हंजे उपग्रह बरोब्बर आपल्या डोक्यावर. मंग पयलं कनेक्शन गडचिरोलीले काहून?"

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचं उत्तर काकांच्याच गच्चीवर, कूलरच्या शेजारी उभं आहे: टीव्हीची छत्री. तिचं तोंड डोक्यावर नाही, दक्षिणेच्या अंगाला आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरच्या उपग्रहाची एक फेरी आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची एक गिरकी यांना सारखाच वेळ लागतो, म्हणून तो खालून एका जागी खिळलेला दिसतो. नागपूर विषुववृत्ताच्या २१ अंश उत्तरेला, त्यामुळे आपल्याला तो दक्षिणेकडे कललेला दिसणार. झिरो माइल हा इंग्रजांच्या भूमापनाच्या काळातला दगडी खांब आहे, आकाशातल्या कुठल्याच वस्तूला त्याची खबर नाही.

खिळलेल्या उपग्रहावरून खेड्यापाड्यात काही पोचवणं आपल्याला नवं नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही दाखवला होता. टीव्ही एकेरी असतो, चित्र पाव सेकंद उशिरा आलं तरी कुणाचं बिघडत नाही. इंटरनेट दुहेरी. तुमची मागणी वर जाणार, खाली भूकेंद्रावर येणार, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. चार वेळा ३६ हजार म्हणजे १ लाख ४४ हजार किलोमीटर, आणि प्रकाशाच्या वेगानंही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. कॉलवर दोघंही एकदम "हॅलो" म्हणतात, मग दोघंही थांबतात, मग पुन्हा एकदम.

यावरचा उपाय सरळ आहे, उपग्रह खाली आणा. स्टारलिंकचे बरेचसे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर ठेवले गेले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे डोक्यावरून जाणारा हा उपग्रह आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. चारही टप्प्यांचा प्रवास साताठ मिलिसेकंदांत होतो. बाकीची वाटचाल धरून प्रत्यक्षात पंचवीस-पन्नास लागतात, तरी चालून जातं. पण इतका खाली आलेला उपग्रह स्थिर राहू शकत नाही. तो सेकंदाला ७.६ किलोमीटर पळतो, नागपूर ते मुंबई अवघ्या दीड मिनिटात. एका ठिकाणाहून तो कामापुरता दिसतो चारेक मिनिटं, मग दुसरा धरायचा. म्हणून तर असे हजारो लागतात.

आता आमच्याकडे छत्री बसवायला आलेला मुलगा आठवतो. तो गच्चीवर पाना घेऊन, भाचा जिन्यात, मी टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं! ... गेलं!" "आता?" दोनतीन अंश इकडचे तिकडे झाले तर चित्र गायब. एका स्थिर उपग्रहासाठी हा प्रकार पाऊण तास चालला होता. पळत्या उपग्रहासाठी हेच रात्रंदिवस करायचं, तर जिन्यात किती भाचे उभे करणार?

आणि इथं ती वस्तू येते जिच्यासाठी मी हा लेख लिहितोय. या नव्या तबकडीत हलणारा भाग लागत नाही. ती शाळेतल्या पाटीसारखी सपाट असते, आणि हलल्याशिवाय आपली नजर वळवते.

गणपतीतलं ढोलपथक डोळ्यांसमोर आणा. दहा वादक एका ओळीत, दोघांत १.७ मीटर अंतर. तुम्ही ओळीच्या उजव्या टोकापलीकडे उभे आहात. सगळ्यांनी एकदम टिपरू हाणलं तर जवळच्या ढोलाचा आवाज आधी येईल, लांबच्याचा मागाहून, आणि ठोका फिसकटेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दर वादकामागे ५ मिलिसेकंदांचा फरक. मग असं करा: सगळ्यात लांबच्यानं आधी वाजवायचं, पुढच्यानं ५ मिलिसेकंदांनी, त्यापुढच्यानं आणखी ५ नी. तुमच्या कानावर दहाही ठोके एकाच क्षणी आदळतील. डाव्या टोकाला उभ्या माणसाला मात्र विस्कळीत खडखडाट ऐकू येईल. एकही ढोल वळला नाही, पण आवाज उजवीकडे 'वळला'.

पाटीत ढोलांच्या जागी नाण्याएवढे शेकडो छोटे अँटेना असतात. १२ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी २.५ सेंटिमीटर, आणि हे अँटेना तिच्या साधारण निम्म्या अंतरावर, सव्वा सेंटिमीटरवर मांडलेले. समजा उपग्रह डोक्यापासून ३० अंश पूर्वेला कलला आहे. शेजारच्या दोन अँटेनांपासून त्याच्यापर्यंतच्या वाटेत फरक पडतो १.२५ गुणिले साइन ३०, म्हणजे ०.६२५ सेंटिमीटर, म्हणजे पाव लहर. लहरीचं एक आवर्तन ८३ पिकोसेकंदांचं, तेव्हा पूर्वेकडच्या प्रत्येक अँटेनाला त्याच्या पश्चिमेच्या शेजाऱ्यापेक्षा सुमारे २१ पिकोसेकंद थोपवायचं. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी एक.) प्रत्यक्षात वेळ थोपवण्याऐवजी लहरीची कला, म्हणजे फेज, ९० अंशांनी मागे सारतात. चिपला आकडा बदलून दिला की झोत दुसरीकडे, आणि हे डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आत होतं. शंभर अँटेना असे जुळले की त्या दिशेनं लहरीची उंची एकट्याच्या शंभरपट होते आणि तीव्रता दहा हजारपट. ही ऊर्जा फुकट आलेली नाही. शंभर अँटेनांनी शंभरपटच ओतली, उरलेली वाढ बाकीच्या दिशांतून काढून घेतलेली आहे.

अर्धा मीटर रुंदीच्या पाटीचा झोत जेमतेम तीन अंशांचा असतो. हात लांब करून दोन बोटं आभाळापुढे धरा, तेवढा. माथ्यावरचा उपग्रह सेकंदाला पाऊण अंशाहून जास्त सरकतो, म्हणजे नजर हलली नाही तर चारेक सेकंदांत हातचा गेला. इथवर आलेल्या वाचकानं ढोलांपासून पुन्हा एकदा वाचलं तरी माझी हरकत नाही, मला स्वतःला हे समजायला दोन दिवस लागले होते.

या उपग्रहांबद्दल एक वेगळीच भीतीही फिरते, आकाशातून काहीतरी पडेल, अपशकुन होईल वगैरे. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं सापडलं. त्या रात्री फोनवर नवं वर्ष कसं जाणार याची भाकितं सुरू होती. अभ्यासकांच्या मते तो वातावरणात परतलेला चिनी रॉकेटचा टप्पा होता. भंगार कुणाच्या डोक्यावर पडू नये ही काळजी रास्त आहे, पण तिचा पंचांगाशी संबंध नाही.

राहिला काकांचा दुसरा अर्धा, गडचिरोलीच का? उपग्रहाचा एक झोत जमिनीवर वीसेक किलोमीटरचा पट्टा व्यापतो, आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना मिळून एकच नळ. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहरात २४ लाख माणसं होती. गडचिरोली जिल्ह्यात १४,४१२ चौरस किलोमीटरमध्ये पावणेअकरा लाख. विरळ वस्तीत नळ पुरतो, शहरात सगळे बादल्या घेऊन भांडतील. त्यात आपण २१ अंशांवर. विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या कक्षांतले उपग्रह उत्तर-दक्षिण झोपाळ्यासारखे ५३ अंशांच्या टोकाशी रेंगाळतात आणि मधून झपाट्यानं जातात, त्यामुळे पन्नास अंशांवरच्या युरोपच्या आकाशात त्यांची दाटी आपल्या तिपटीच्या आसपास असते.

एटापल्ली-भामरागडकडच्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात पाटी लावली तरी दोन गोष्टी आडव्या येतात. एक, अंगणातला मोह. पाटीला मोकळं आभाळ लागतं, उपग्रह फांदीमागे गेला की कॉल तुटणार, आणि मोहाच्या फांदीला गावात कुणी कुऱ्हाड लावू देत नाही. दुसरी गोष्ट वीज. पाटी ७५ वॉट खाते असं धरलं तर दिवसाला १.८ युनिट. वीज गेली तरी ती चालू ठेवायची तर चारेकशे वॉटचं सौर पॅनल आणि दणकट बॅटरी हवी, तीही पावसाळ्यातले ढग विसरून.

हे सगळं काकांना गेटपाशी सांगितलं. वर हेही, की अशा पाटीला ५० अंशांपर्यंतची हवा चालते, पण मे महिन्यात आपल्या स्लॅबवर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या दारावरून फायबर गेलाय, तोच बरा. काकांनी मान हलवली आणि नालीच्या खोदकामाकडे बोट दाखवलं. केबल तीन दिवसांपासून तुटून पडली होती.