एकाच बाजूने चार्ज होणारा फोन: यूएसबी पोर्टच्या दुखण्यांची पार्श्वभूमी

नाशिकला दिंडोरी रोडवर मोबाईल रिपेअरिंगच्या एका चिंचोळ्या दुकानात माझा नंबर यायची वाट बघत होतो. पुढे एक द्राक्ष बागायतदार काका. "भाऊ, पिन अशी घातली की चार्ज होतो, उलटी केली की ढिम्म." पोराने जॅकमध्ये टॉर्च मारला, टूथपिकने खिशातल्या कापसाचा दाबून बसलेला बोळा काढला, केबल दोन्ही बाजूंनी लावून पाहिली. फरक शून्य. "काका, कचऱ्याचं काम नाही हे. एका बाजूचा काँटॅक्ट गेलाय."

यूएसबीत हे दुखणं टाइप-सी, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाणारी पिन, येण्याआधी नव्हतं. पिन उलटी जातच नव्हती, तर बिघडणार काय?

नव्वदच्या दशकातला कॉम्प्युटर मागून आठवून बघा. कीबोर्ड-माऊसला गोल पीएस/टू, प्रिंटरला 25 पिनांचा पॅरलल, मोडेमला सिरीयल, वर ते स्क्रू पिळायचे. चालू मशीनमधून कीबोर्ड उपटला तर मदरबोर्डवरचा फ्यूज जायची धास्ती. या गुंत्यावर उपाय म्हणून 1994 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी 1996 मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. इंटेलमध्ये या कामात पुढे होते अजय भट्ट, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. चालू मशीनमध्ये बिनधास्त लावा-काढा, ही यातली खरी करामत. जुन्या चपट्या पोर्टमध्ये डोकावलं तर चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन, म्हणजे पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या, लांब आणि मधल्या डेटाच्या आखूड. त्यामुळे आधी वीज पोचते, मग बोलणं सुरू होतं.

पण हाच प्लग तीनदा फिरवल्याशिवाय बसत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. दोन्ही बाजूंनी लागणारा प्लग करायचा तर वायरी आणि सर्किट दुप्पट, खर्चही तसाच, म्हणून तेव्हा तो बेत सोडला, असं भट्ट यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. माऊसच्या किमतीत तेव्हा रुपया-रुपया मोजला जायचा. त्याची भरपाई मात्र पोर्टने केली. उलटा प्लग जोर लावून घुसवला की आतली प्लॅस्टिकची जीभ मोडते, पट्ट्या वाकून एकमेकींना चिकटतात आणि अख्ख्या मशीनला शॉर्ट बसतो.

1998 मध्ये ॲपलने आयमॅकमधून जुने पोर्ट आणि फ्लॉपी काढून टाकली, तेव्हा यूएसबी खऱ्या अर्थाने चाललं. 2000 मध्ये यूएसबी 2.0 आलं, वेग 12 मेगाबिटवरून 480 वर गेला आणि पेनड्राइव्ह बाजारात आले. आपल्याकडे तो असेंबल्ड पीसीचा जमाना. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टच्या बारीक वायरी मदरबोर्डवर एकेक करून खोचाव्या लागत. घाईत पाच व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल झाली की पहिलाच पेनड्राइव्ह चटका बसण्याइतका तापून मरायचा. पुढच्या पोर्टवर भरवसा न ठेवता मागे लावायची सवय अनेकांना तेव्हापासून लागली.

दुसरी भानगड विजेची. यूएसबी 2.0 च्या पोर्टने द्यायचे जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर, तेही ओळख पटल्यावर. त्याआधी फक्त 100. माऊसला हे भरपूर, पण हार्डडिस्कची तबकडी फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते. मग टक-टक आवाज येतो, डिस्क दिसते आणि गायब होते, माणूस विंडोज फॉरमॅट करून बसतो. दोन पोर्टमधून वीज ओढणारी दोन तोंडांची केबल त्यासाठीच निघाली होती. जास्त करंट ओढला की कित्येक बोर्डांवरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज वाट अडवतो. 'मेलेला' पोर्ट मशीन बंद ठेवून थंड झाल्यावर जिवंत होतो तो यामुळे. म्हणून सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी दुसरी केबल, दुसरा पोर्ट आणि दहा मिनिटं धीर, हा क्रम.

मोबाईलमध्ये झीज कुठे व्हावी हाच प्रश्न नव्याने सोडवला गेला. जुन्या चपट्या प्लगसाठी 1500 वेळा लावणं-काढणं पुरे धरलं होतं. 2007 च्या मायक्रो-यूएसबीला 10,000. पकडणाऱ्या स्प्रिंगा केबलकडे दिल्या, म्हणजे आधी स्वस्तातली केबल झिजावी. हिशोब बरोबर, पण फोन उशाशी चार्जिंगला लावून बोलणारी माणसं त्यात धरली नव्हती. प्लगला ओढ बसून जॅक बोर्डापासून सुटतो, कधी बोर्डावरची तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅकही सोबत उखडतो, मग केसाएवढ्या तारेचा जंपर मारावा लागतो.

टाइप-सी 2014 ची. उलट-सुलट जमावं म्हणून वर-खाली बाराबारा काँटॅक्ट, अर्धा-अर्धा मिलिमीटर अंतरावर. केबल कुठल्या बाजूने लागली हे ओळखणारा सीसी नावाचा काँटॅक्ट दोन्ही ओळींत असतो. त्यातला एक कुजला किंवा त्याचं सोल्डर सुटलं की फोन एकाच बाजूने चार्ज होतो. काकांचं नेमकं हेच.

पोराने पैसे सांगितले. काकांनी त्याच्याकडूनच मार्कर मागितला, केबलच्या चालणाऱ्या बाजूवर ठिपका काढला. "खुडा झाल्यावर टाकू नवीन जॅक," म्हणाले आणि फोन खिशात घातला.