दिवाळीच्या सुट्टीतली डॅन्यूब क्रूझ : बॅग भरण्यापूर्वी हे वाचा

व्हिसा हातात पडला की आमच्या ऑफिसचा फोन वाजायला लागतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे थंडी किती असेल हो?" फोनवर याचं उत्तर अर्धंच पोहोचतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून देतो आहोत. हे फक्त डॅन्यूब नदीवरच्या, जर्मनीतलं पासाऊ ते हंगेरीतलं बुडापेस्ट या आपल्या बोटीच्या सहलीपुरतं आहे. स्वित्झर्लंडच्या ग्रुपमधल्या मंडळींनी यावरून बॅग भरू नये, त्यांचा कागद वेगळा आहे.

आधी दिवाळीची तारीख बघा

गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मेहुण्यांना विचारून बॅग भरायची पद्धत आपल्याकडे आहे. इथे तिचा उपयोग नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर व्हिएन्नात दुपारी साधारण १५ अंश असतं, पहाटे सहा-सात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दुपारचंच तापमान सात-आठवर उतरतं आणि पहाटे कधी शून्याला टेकतं. आणि आपली दिवाळी तर एका जागी बसत नाही. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी ती नोव्हेंबरात सरकते. मेहुणे ऑक्टोबरात गेले असतील आणि तुम्ही नोव्हेंबरात जाणार असाल, तर त्यांचा अर्धा स्वेटर तुम्हाला पुरणार नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर संध्याकाळी पाचच्या आत अंधार पडतो. म्हणजे दुपारी चारला गावात फिरायला उतरलात तर परत येताना रात्रीचे कपडे अंगावर हवेत. सकाळी उलट प्रकार असतो. नदीच्या खोऱ्यात धुकं बसतं, ते दहा-अकरापर्यंत उठत नाही, आणि मग अचानक असं ऊन पडतं की लोक टोप्या काढून वारा घेतात.

मुद्द्याचं : तो एक जाड कोट

आमच्या ग्राहकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, एक कोट असतोच असतो. कधीतरी मनालीला घेतलेला, आत कापूस किंवा फायबर भरलेला, गुडघ्यापर्यंत येणारा. "थंडीला हा आहे की!" म्हणून तो एकटा बॅगेत जातो आणि त्याच्या जोडीला रोजचे सुती कुडते, टी-शर्ट. आमचा सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक ही.

कोट वाईट नाही, तो बर्फात उभं राहायला चांगला. पण डॅन्यूबच्या काठावर शरदात सहसा बर्फ पडत नाही, बुरबूर पाऊस पडतो. कोट तो पाऊस पितो. केबिन असते जेमतेम बारा ते पंधरा चौरस मीटरची. तिथे ओला कोट दोन दिवस वाळत नाही, आणि मग दोघांनी त्या वासात झोपायचं.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कोट एक तर अंगावर असतो, नाही तर हातात. मधलं काही नसतं. बोटीत आत बावीस अंश, बाहेर आठ. बसमध्ये हीटर. ऑस्ट्रियातल्या मेल्कच्या मठाच्या अंगणात वारा, दालनांत ऊब. मग कॉफीच्या दुकानात पुन्हा ऊब. दिवसभरात दहा वेळा हा अवजड प्रकार चढवायचा आणि उतरवायचा. मग तो खुर्चीच्या पाठीवर टांगला जातो आणि बसमध्ये चढल्यावर आठवतो. व्हिएन्नाच्या मध्यवस्तीत बसला प्रवासी चढण्या-उतरण्यापुरतंच थांबता येतं. एक जण कोट आणायला गेला की बस फेरी मारून येते आणि बाकीचे सगळे फुटपाथवर उभे.

ऑस्ट्रियातल्या ड्युर्नश्टाइन या नदीकाठच्या गावाचं उदाहरण घ्या. सकाळी आठला बोट लागते तेव्हा चर्चचा निळा मनोरा धुक्यात दिसतसुद्धा नाही. गावामागच्या टेकडीवर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२च्या हिवाळ्यात याच गावात कैद होता. वर जायला वीस-पंचवीस मिनिटांची दगडी चढण. खाली थंडी वाजत असते म्हणून कोट गळ्यापर्यंत लावून निघालेली मंडळी अर्ध्या वाटेत घामाघूम होतात. आत सुती बनियन भिजतं. वर पोहोचल्यावर ऊन असलं तर ठीक, पण वारा सुटला की तेच ओलं सुती कापड पाठीला गार लागतं आणि दुसऱ्या दिवशी घसा धरतो. कितीतरी जण मधूनच खाली परततात आणि "किल्ला दाखवला नाही" अशी तक्रार आमच्याकडे येते.

म्हणून तीन थर. अंगालगत पातळ थर्मल, सुती नको. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर. सगळ्यांत वर टोपीचा विंडचीटर, ज्यातून वारा आणि पाणी दोन्ही आत येत नाही. उकडलं की एक काढायचा, तो छोट्या पाठपिशवीत मावतो. गार वाटलं की पुन्हा चढवायचा. नोव्हेंबरवाल्यांनी स्वेटर आणि विंडचीटरच्या मध्ये घडी होणारं पातळ पफर जॅकेट ठेवावं. तेवढ्याने बुडापेस्टला रात्री वरच्या डेकवर उभं राहून पार्लमेंटची रोषणाई निवांत बघता येते. त्या वेळी बोट चालती असते, त्यामुळे वारा आहे त्यापेक्षा जास्त झोंबतो. कानटोपी, मफलर, हातमोजे हे तिघं तिथेच कामी येतात. डोक्यावर कानटोपी घालायला लाजू नका, अंधारात कोणी ओळखत नाही.

विंडचीटर पाणी अडवतो की नाही हे घरीच कळतं. बाहीत एक रुमाल ठेवा आणि ती बेसिनच्या नळाखाली दोन मिनिटं धरा. रुमाल कोरडा राहिला तर न्या. पाणी बहुतेक वेळा शिवणीतून शिरतं, म्हणून आतून शिवणींवर पट्टी चिकटवली आहे का तेही बघा.

"लागलं तर तिथे घेऊ"

घेता येईल, दुकानं उघडी असली तर. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी कपड्यांची दुकानं बंद असतात. शिवाय २३ ऑक्टोबरला हंगेरीची राष्ट्रीय सुट्टी, २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रियाची, आणि १ नोव्हेंबरला बव्हेरिया (पासाऊ ज्यात येतं तो जर्मनीचा प्रांत), ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी सगळीकडे सुट्टी. हे दिवस नेमके आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतात. आणि दुकान उघडं सापडलंच, तरी जॅकेट शोधण्यात व्हिएन्नातली तुमची एकुलती मोकळी दुपार जाते. ज्यासाठी एवढे पैसे भरले ती दुपार ट्रायल रूममध्ये घालवायची का, ते तुम्ही ठरवा.

थर्मल तुळशीबागेत मिळतं, लक्ष्मी रोडवर मिळतं, ऑनलाइनही मिळतं. आमच्याकडून घ्या असा आग्रह नाही. मात्र चांगला विंडचीटर महाग असतो आणि पुण्यात पुन्हा तो वापरला जाईलच असं नाही, म्हणून आम्ही ते सहलीपुरते भाड्याने देतो. दर सहलीनंतर धुऊन, वर सांगितलेली नळाखालची परीक्षा घेऊनच पुढे दिले जातात.

बूट

जाळीचे स्पोर्ट शूज नकोत. स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लाव्हा, पासाऊ, बुडापेस्टमधला बुडाचा डोंगर, सगळीकडे दगडगोट्यांच्या गल्ल्या आणि त्यावर ओली पानं. तळव्याला खाचा असलेला, पाणी न शिरणारा बूट हवा. तो नवा असेल तर निघण्याआधी रोज घालून फिरा. पर्वतीच्या पायऱ्या चढून-उतरून पाय कुठे बोलतो ते कळतं. बोटीत आत घालायला एक साधी चप्पल.

साडी नेसणाऱ्यांना आम्ही साडी नेऊ नका म्हणत नाही. जेवणाच्या खास संध्याकाळी किंवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आत जरूर नेसा, खाली थर्मल चालतं. फक्त बोटीतून उतरायच्या फळीवर ओल्या काठाने पाय अडकतो, म्हणून फिरायला पँट किंवा सलवार-कमीझ बरं.

माणशी एकच मोठी बॅग : हा नियम का

यावरून आमच्याशी वाद होतात. "विमान कंपनी दोन बॅगा देते, तुम्ही कोण नाही म्हणणारे?" बरोबर आहे, पण बॅग विमानात एक रात्र असते आणि केबिनमध्ये आठवडाभर. नदीवरच्या या बोटी जेमतेम साडेअकरा मीटर रुंद असतात, कारण राइन-मेन-डॅन्यूब मार्गावरचे कित्येक लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करून बोट पुढे सोडणारे दरवाजांचे कप्पे) बारा मीटर रुंदीचेच आहेत. त्या रुंदीत दोन्ही बाजूंच्या केबिन आणि मधली वाट बसवायची. मोठी कडक सूटकेस दोन्ही बाजूंनी पुस्तकासारखी उघडायची म्हटली तर जमिनीवर तेवढी जागाच नाही. मऊ किंवा एका बाजूने उघडणारी मध्यम बॅग रिकामी करून पलंगाखाली सरकते.

खरं कारण मात्र पाण्याचं आहे. शरदात डॅन्यूबची पातळी कधी खूप खाली जाते, २०१८ला तशी गेली होती. कधी उलट, २०२४च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियात पूर आला आणि वाहतूक थांबली. पाणी कमी असलं की बोटीचा तळ लागतो, जास्त झालं की पुलाखालून बोट जात नाही. बुडापेस्टहून निघालेली आणि पासाऊहून निघालेली अशा दोन बोटी मग अडलेल्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना थांबतात आणि प्रवासी बसने अदलाबदल करतात. हे दर वेळी होत नाही. झालं, तर रात्री सगळं सामान भरून सकाळी दुसऱ्या बोटीवर. त्या दिवशी एक बॅगवाले नाश्ता करून बसमध्ये बसलेले असतात आणि दोन-तीन बॅगवाल्यांसाठी सगळे खोळंबतात. बोटीला लॉकची वेळ मिळालेली असते, पासाऊ ते व्हिएन्ना या टप्प्यात एकामागून एक लॉक लागतात, आणि बोट कोणाच्या इस्त्रीच्या कपड्यांसाठी थांबत नाही. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, राइस कुकर बोटीवर न्यायला परवानगी नसते, हेही इथेच सांगून टाकतो.

विमानातून मोठी बॅग उशिरा आली तर? हॉटेल असतं तर ती मागून येते. इथे तुमचं हॉटेल रोज गाव बदलतं, बॅगेला त्याच्या मागे पळावं लागतं. म्हणून एक थर्मलचा जोड, विंडचीटर, एक कपड्यांचा जोड आणि सगळी औषधं विमानात सोबत न्यायच्या छोट्या बॅगेत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी. पॉवर बँक तर चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही.

फराळ

चिवडा, शंकरपाळी, चकल्या बिनधास्त. पेढे, बर्फी, साजूक तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला नेता येत नाहीत. तुपातले लाडूही घरीच ठेवा, वाद घालायला विमानतळावर वेळ नसतो. कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही राहू द्यात. पणत्या बॅटरीच्या. बोटीवर ज्योत पेटवता येत नाही, पण बॅटरीच्या पणत्या जेवणाच्या टेबलांवर लावायला आम्ही दर वेळी आधी परवानगी काढून ठेवतो.

चार्जरचं टेन्शन घेऊ नका. तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे आणि दोन पिनांचे आपले बहुतेक चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात. तीन पिनांचं काही असेल तरच अडॅप्टर.

हीटरने ओठ आणि टाचा फुटतात, व्हॅसलीन घ्या. जीन्स एकच. ती वाळत नाही.

निघण्याआधीची संध्याकाळ

निघण्याच्या साधारण पंधरा दिवस आधी आम्ही ग्रुपला ऑफिसात बोलावतो. काही जणांना तो वेळ वाया वाटतो, "लहान मुलं आहोत का?" म्हणतात. बॅग उघडायला आम्ही सांगत नाही, फक्त बूट आणि वरचं जॅकेट घालून या, बाकी चहा-पोहे आमच्याकडे. जॅकेट पाणी पिणारं निघालं तर बदलायला हाताशी दोन आठवडे असतात. वैयक्तिक फोनवर हेच वीस वेळा सांगण्यापेक्षा आम्हालाही ते सोपं जातं, खोटं कशाला बोला.

भाड्याचा विंडचीटर हवा असेल तर छातीचं आणि बाहीचं माप फॉर्मसोबतच कळवा. एक्सएल आणि डबल एक्सएल सगळ्यांत आधी संपतात.