अलामोची राखण आणि वंशज महिलांची संस्था

टेक्सासमध्ये आद्य वसाहतकऱ्यांच्या वंशज महिलांची संस्था १८९१ मध्ये नात्यातल्या दोन तरुणींनी उभी केली. सभासद व्हायचं तर १९ फेब्रुवारी १८४६ च्या आधी, म्हणजे स्वतंत्र टेक्सास प्रजासत्ताकाचा झेंडा उतरून ते अमेरिकेत सामील होण्यापूर्वी, आपला पूर्वज टेक्सासात होता हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्यांच्या जोडीने जुनी मेक्सिकन घराणीही यात बसतात. हे सहसा कुणी सांगत नाही.

संस्थेची खरी परीक्षा झाली ती सान अँटोनियो शहरातल्या अलामोवरून. अलामो म्हणजे जुनं स्पॅनिश मिशन, धर्मप्रसाराचं ठाणं; १८३६ मध्ये टेक्सासच्या बंडखोरांची मेक्सिकन सैन्याशी लढाई झाली ती इथेच. तिथलं चर्च राज्याने १८८३ मध्येच विकत घेतलं होतं. शेजारची लांब बराक मात्र किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे होती. आधीच्या मालकाने तिच्यावर लाकडी सज्जे, बुरुज आणि खोट्या तोफा चढवल्या होत्या. १९०५ मध्ये राज्याने ती जागा घेतली आणि सगळा ताबा संस्थेकडे दिला. भांडण तिथून पेटलं. खरेदीसाठी पदरचे पैसे घालणाऱ्या श्रीमंत सभासदाचं म्हणणं, बराक पाडा, चर्च उठून दिसू द्या. दुसरी सभासद प्रजासत्ताकाच्या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षांची नात. तिचं म्हणणं, १८३६ ची सर्वांत भीषण लढाई बराकीतच झाली, तिला हात लावू नका. फेब्रुवारी १९०८ मध्ये ती आतून दारं बंद करून तीन दिवस तिथेच बसून राहिली. कोर्टाचा निकाल मात्र श्रीमंत सभासदाच्या गटाच्या बाजूने लागला आणि तिच्या शाखेला संस्थेबाहेर जावं लागलं.

पुढे लाकडी सांगाडा उतरवला, तेव्हा आत मिशनकाळातल्या दगडी भिंती निघाल्या. म्हणजे बराक लढाईच्या आधीचीच होती, उपराष्ट्राध्यक्षांच्या नातीचंच खरं होतं. तरीही १९१३ मध्ये, गव्हर्नर राज्याबाहेर असताना, वरच्या मजल्याच्या भिंती पाडल्या गेल्या. एवढा पुरावा समोर असताना झालेली ती पाडापाडी अक्षम्य आहे. उरलेल्या तळमजल्यात १९६८ मध्ये संग्रहालय उघडलं.

शंभरावर वर्षं संस्थेने प्रवेशशुल्क न घेता वास्तू सांभाळली, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण डागडुजी आणि हिशेबांवरून तक्रारी वाढल्या. २०११ च्या कायद्याने अलामो राज्याच्या भूमी कार्यालयाकडे गेला. संस्था काही काळ कंत्राटावर कारभार पाहत राहिली, तेही २०१५ मध्ये संपलं. त्याच वर्षी अलामोसह तिथली मिशनं जागतिक वारसा यादीत गेली, आणि ग्रंथालयातली पुस्तकं, नकाशे नि कागदपत्रं नेमकी कुणाची यावरून संस्था आणि राज्य कोर्टात समोरासमोर आले.