चेसबॉक्सिंग खेळायचंय? मग दोन फायली तयार ठेवा

चेसबॉक्सिंगबद्दल चौकशी करणारे बहुतेक जण आधी ग्लोव्हजबद्दल विचारतात. खरं तर आधी बघायला हवं ते बुद्धिबळाचं रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) आणि बॉक्सिंगच्या लढतींची नोंदवही.

खेळ थोडक्यात असा: एकूण 11 फेऱ्या, त्यांतल्या 6 बुद्धिबळाच्या आणि 5 बॉक्सिंगच्या, आलटून पालटून, तीन-तीन मिनिटांच्या. पटावर प्रत्येकाच्या घड्याळात 9 मिनिटं. मात झाली, वेळ संपली, कुणी डाव सोडला किंवा नॉकआउट झाला की सामना तिथेच संपतो. पटावर बरोबरी झाली तर बॉक्सिंगचे गुण मोजतात आणि तेही समसमान असले तर काळ्या मोहऱ्यांचा खेळाडू विजयी. 2003 मध्ये इपे रुबिंग या डच कलावंताने हा प्रकार रिंगणात आणला. भारतात 2011 मध्ये मोंटू दास यांनी कोलकात्यात चेस बॉक्सिंग ऑर्गनायझेशन ऑफ इंडिया स्थापन केली.

आता पात्रता. 'चेस बॉक्सिंग ग्लोबल' या आयोजक संस्थेच्या व्यावसायिक लढतीसाठी बुद्धिबळाचं किमान 1600 एलो रेटिंग आणि बॉक्सिंग किंवा तत्सम युद्धकलेतल्या किमान 50 हौशी लढती अशी अट आहे. हौशी स्पर्धांत ती इतकी कडक नसते.

रेटिंगची वाट त्यातल्या त्यात सोपी. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे ऑनलाइन नोंदणी करायची. ती नसेल तर देशातल्या मानांकित स्पर्धेत बसता येत नाही. जन्मदाखला, आधार आणि फोटो हाताशी ठेवा. मग रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध किमान 5 डाव झाले, त्यांत अर्धा तरी गुण मिळाला आणि त्या डावांवरून निघणारं रेटिंग 1400 च्या वर राहिलं की नाव फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीत येतं. मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 च्या खालचं रेटिंग एकदाच वर उचललं. त्या सूत्राने जुने 1334 म्हणजे आताचे 1600. त्यामुळे जुन्या खेळाडूंनी आपला आकडा पुन्हा तपासावा, कदाचित अट कधीच पूर्ण झालेली असेल!

खरी वर्षं जातात ती 50 लढतींत. क्लबमधलं स्पारिंग, म्हणजे सरावाची झुंज, यात धरू नका, स्पर्धेतली लढतच दाखवता येते. प्रत्येक लढतीची नोंद त्याच दिवशी नोंदवहीत करून आयोजकांची सही-शिक्का घ्या. चार वर्षांनी जुन्या स्पर्धेचे पदाधिकारी शोधत फिरणं म्हणजे सातव्या फेरीपेक्षा दमवणारं काम. म्हणून माझं मत विचाराल तर बॉक्सिंग आधी सुरू करा, रेटिंग त्याच्या जोडीने होत राहील.

आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. आधारवर वडिलांचं नाव मधे, बुद्धिबळाच्या नोंदणीत नुसतं नाव-आडनाव, नोंदवहीत वेगळंच स्पेलिंग. परदेशातल्या स्पर्धेचा विचार असेल तर पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना आणि फिडेच्या नोंदीतली जन्मतारीख व स्पेलिंग त्याच्याशी जुळवून घ्या. दुरुस्ती महासंघामार्फत होते, त्यामुळे ती प्रवेशिकेच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

वैद्यकीय तपासणी आणि वजन मात्र आधी करून ठेवता येत नाही, ते स्पर्धेच्या वेळचंच लागतं. डोक्याला मार लागून गेलेला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. नाकारलं गेलात तरी पट घरी आहेच.