आईचं दूध थांबवावं लागतं तेव्हा

पहिले दोन-तीन दिवस बाळ छान दूध ओढतं. मग ओकायला लागतं, पिवळं पडतं, पाजायला घेतलं तरी सुस्त पडून राहतं. घरातले म्हणतात, कावीळ काय, बहुतेक बाळांना होतेच, कोवळ्या उन्हात धरा. बहुतेक बाळांची कावीळ साधीच असते. पण क्वचित एखाद्याला गॅलॅक्टोसेमिया असतो, आणि त्याचा त्रास प्रत्येक पाजण्यागणिक वाढत जातो.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आतड्यात फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज तयार होतात. गॅलॅक्टोज वापरण्यासाठी लागणारं ‘गाल्ट’ हे विकर (एन्झाइम) या बाळांत जवळजवळ नसतंच. अर्धवट बदललेलं गॅलॅक्टोज यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूत साठतं. डोळ्याच्या भिंगात त्याचा एक पदार्थ बनतो, तो पाणी ओढून घेतो आणि काही दिवसांच्या बाळाला मोतीबिंदू होतो. शिवाय ई. कोलाय जंतूंचा रक्तातला संसर्ग या बाळांना लवकर गाठतो, आणि तोच जिवावर बेततो. मोठ्या माणसांना दूध पचत नाही, पोट फुगतं, तो प्रकार निराळा.

लघवीची तपासणी इशारा देऊ शकते: ग्लुकोजच्या पट्टीवर काही दिसत नाही, पण गॅलॅक्टोजसारखी साखरही दाखवणाऱ्या बेनेडिक्ट द्रावणात उकळली की रंग विटकरीकडे झुकतो. बाळाचं दूध आधीच बंद असेल तर हा इशाराही मिळत नाही. खात्री होते ती रक्तातलं विकर मोजून. हे रक्त बाळाला बाहेरचं रक्त चढवण्यापूर्वीच घ्यायला हवं, कारण दात्याच्या तांबड्या पेशींत ते विकर असतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

अहवालाची वाट मात्र पाहायची नाही. दाट शंका आली की डॉक्टर त्याच दिवशी दूध थांबवून सोयाचं किंवा लॅक्टोज नसलेलं शिशुअन्न देतात. आईने तोवर दूध पिळून काढत राहावं. शंका खोटी ठरली तर पाजणं पुन्हा सुरू करता येतं. खरी ठरली, तरी तिच्या दुधात खोट नव्हती. सदोष जनुकाची एकेक प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आलेली असते, आणि दोघं स्वतः ठणठणीत असतात.

दूध थांबलं की बाळ काही दिवसांत सावरू लागतं, लवकर सापडलेला मोतीबिंदू ओसरूही शकतो. पथ्य मात्र जन्मभराचं. गाय, म्हैस, शेळी, कुणाचंच दूध चालत नाही. बारशाला आलेली आजी प्रेमाने पेढ्याचा कण जिभेवर ठेवते, देवळात तळहातावर पंचामृत येतं; तिथे घरच्यांनी न संकोचता ‘नको’ म्हणायला हवं. कित्येक गोळ्यांतही लॅक्टोज भरण म्हणून घातलेलं असतं, तेव्हा औषध घेताना दुकानदाराला विचारावंच. कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. इतकं सांभाळूनही काही मुलं उशिरा बोलतात, आणि पुष्कळ मुलींची बीजकोशं पुढे नीट काम करत नाहीत. म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हाच आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा घरात दुसरं बाळ जन्मलं की लगेच त्याचं रक्त तपासायला पाठवतात, आणि अहवाल हाती येईपर्यंत त्याला सोयाचंच शिशुअन्न पाजतात.