दृष्टिक्षेत्र चाचणी आणि डोळ्याच्या रचनेतील व्यक्तिभेद

दृष्टिक्षेत्र म्हणजे एक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्या एका बिंदूवर नजर स्थिर ठेवली असता एकाच वेळी दिसणारा परिसर. निरोगी डोळ्यात तो नाकाच्या बाजूस व वर सुमारे ६० अंश, खाली ७० ते ७५ अंश आणि कानाच्या बाजूस ९० अंशांहून थोडा अधिक पसरलेला असतो. काचबिंदू, दृष्टितंत्रिकेचे विकार आणि मेंदूतील दृष्टिमार्गाचे आघात यांमध्ये या क्षेत्रात खंड पडतात. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचा खंड दुसरा भरून काढतो. त्यामुळे घोडबंदर रस्त्याच्या वाहतुकीत रोज दुचाकी चालवणाऱ्यालाही आपल्या दृष्टीचा एक तुकडा गेल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही. हे खंड मोजणारी चाचणी प्रत्येक डोळ्याची तुलना एका सरासरी डोळ्याशी करते. प्रत्यक्ष डोळे मात्र लांबी, ठेवण आणि तंतूंची वाट या बाबतींत एकमेकांपासून बरेच भिन्न असतात. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने या भिन्नतेविषयी आहे.

चाचणीचा आरंभ नेमका कोणापासून मानावा याबाबत एकमत नाही. निरोगी डोळ्यातही एक आंधळा बिंदू, म्हणजे जेथे काहीच दिसत नाही अशी जागा असते, हे एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात दाखवले. त्याचे साल सामान्यतः १६६८ धरतात, काही लेखक ते त्याआधीचे मानतात. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०० च्या सुमारास स्वतःच्या डोळ्याच्या क्षेत्राची मापे घेतली आणि पुढे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानेही तसे प्रयोग केले. तथापि रुग्णाच्या तपासणीत या मापनाला स्थान मिळाले ते अल्ब्रेख्त फोन ग्रेफे या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या १८५६ मधील लेखनामुळे, आणि वैद्यकीय चाचणी या अर्थाने आरंभाचा मान त्याला देणे अधिक सयुक्तिक वाटते. कोपनहेगनच्या यानिक बियेरुम याने १८८९ मध्ये आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराचाच पडद्यासारखा उपयोग करून काचबिंदूतील कमानीसारखा खंड शोधला. त्याच शहरातील रोने याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नाकाकडील पायरीसारख्या खंडाचे वर्णन केले. या दोन्ही खंडांचे आकार जालपटलातील, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्यातील, दृष्टितंत्रिकेकडे जाणाऱ्या तंतूंच्या वळणांमुळे ठरतात. म्हणजे रचना आणि क्षेत्र यांचा संबंध तेव्हाच हाती आला होता. तो माणसागणिक किती बदलतो, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला. हान्स गोल्डमान याचे क्षेत्र मोजण्याचे अर्धगोलाकार उपकरण १९४५ चे. १९७० नंतर संगणकीय उपकरणे आली.

आजच्या प्रचलित पद्धतीत मध्यापासून सुमारे २४ अंशांपर्यंतच्या क्षेत्रात ६-६ अंशांच्या अंतरावर ५४ ठिकाणी ०.४३ अंश व्यासाचा प्रकाशठिपका क्षणभर दाखवतात आणि तो किती मंद असेपर्यंत दिसतो हे नोंदवतात. यांतील २ ठिकाणे आंधळ्या बिंदूवर येतात असे गृहीत धरून विश्लेषणातून वगळतात. वगळण्याची ही ठिकाणे सर्व डोळ्यांसाठी तीच असतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आंधळा बिंदू म्हणजे दृष्टितंत्रिका डोळ्याबाहेर पडते त्या चकतीची क्षेत्रावर पडलेली प्रतिमा होय. ही चकती, जिला नेत्रतज्ज्ञ डिस्क म्हणतात, पीतबिंदूच्या (जालपटलावरील सर्वांत स्पष्ट दृष्टीच्या जागेच्या) मध्यावरील खळग्यापासून नाकाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर आणि त्याच्यापेक्षा किंचित वर असते. डोळ्यात प्रतिमा उलटी पडत असल्याने क्षेत्रावर आंधळा बिंदू कानाकडे आणि आडव्या रेषेच्या सुमारे दीड अंश खाली येतो. त्याची रुंदी सुमारे साडेपाच आणि उंची साडेसात अंश असते. खळगा आणि चकती यांना जोडणारी रेषा आडव्या रेषेशी सरासरीने ६ ते ७ अंशांचा कोन करते, पण हा कोन व्यक्तीनुसार पुष्कळ बदलतो. तो १२ अंश असेल, तर आंधळ्या बिंदूचा मध्य सव्वातीन अंश खाली सरकतो. मग वगळलेल्या दोन ठिकाणांपैकी वरचे ठिकाण प्रत्यक्षात चांगले दिसते आणि बिंदूची खालची कड पुढच्या तपासणी-ठिकाणाकडे सरकते. चकती मोठी असेल किंवा लघुदृष्टीमुळे तिच्याभोवतीचा थर विरळ झाला असेल, तर हे ठिकाण आजार नसतानाही मंद नोंदले जाऊ शकते. नजर स्थिर आहे की नाही हे पाहण्यासाठी काही उपकरणे अधूनमधून आंधळ्या बिंदूत ठिपका टाकतात. बिंदूची जागा नीट हेरली गेली नसेल, तर निमूटपणे समोर पाहणाऱ्या रुग्णाच्या अहवालावरही नजर ढळल्याचा शेरा येतो. यंत्रात हनुवटी ठेवताना मान कलली तरी परिणाम तोच.

तंतूंच्या वाटेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जालपटलातील तंतू खळग्याला वळसा घालून कमानीने चकतीकडे जातात आणि खळग्याच्या कानाकडील बाजूस वरचे व खालचे तंतू एका शिवणीवर भेटतात. ही शिवण आडवी आहे असे मानून वरच्या व खालच्या अर्ध्या क्षेत्रांची आरशातल्यासारखी तुलना करतात. वास्तविक चकती वर किंवा खाली असेल तसा वाटांचा सगळा पट कलतो. चकतीचा कोणता भाग क्षेत्राच्या कोणत्या भागाशी जोडलेला आहे याचा गार्वे-हीथ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये तयार केलेला नकाशा सर्वत्र वापरला जातो; तो अनेक डोळ्यांची सरासरी आहे. यान्सोनियस व सहकाऱ्यांनी पुढे तंतूंच्या वाटांचे गणिती प्रारूप मांडले, तर डेनिस, मॅकेंड्रिक व टर्पिन यांनी २०१२ मध्ये प्रत्येक डोळ्याच्या मापांनुसार नकाशा बदलणारे प्रारूप दिले. वैयक्तिक नकाशामुळे रोजच्या निदानात किती फरक पडतो याविषयी मते वेगवेगळी आहेत. सामान्य ठेवणीच्या डोळ्यात सरासरी नकाशा पुरेसा ठरतो. चकती सरासरी जागेपासून दूर असेल किंवा डोळा फार लांब असेल तेथे वैयक्तिक नकाशाच ग्राह्य धरावा, असे दिसते. मध्याजवळ आणखी एक गुंता असतो. खळग्यातील प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशींशी जोडलेल्या गुच्छिका पेशी (ज्यांपासून दृष्टितंत्रिकेचे तंतू निघतात) बाजूला ढकललेल्या असतात, त्यामुळे ठिपका पडतो ती जागा आणि पेशी मेल्याने जालपटलाच्या स्कॅनमध्ये पातळ दिसणारी जागा एक नसते. गुच्छिका पेशींची संख्याही समान नसते. कर्सिओ व ॲलन यांनी १९९० मध्ये तपासलेल्या ६ जालपटलांत ती ७ लाखांपासून १५ लाखांपर्यंत आढळली.

डोळ्याच्या लांबीचा परिणाम हिशेबाने दाखवता येतो. २४ मिमी लांबीच्या डोळ्यात १ अंश म्हणजे जालपटलावर सुमारे ०.२९ मिमी, तर २७ मिमी लांबीच्या डोळ्यात सुमारे ०.३३ मिमी. एकच ठिपका लांब डोळ्यात ताणलेल्या, पेशी विरळ झालेल्या पडद्यावर अधिक जागा व्यापतो. तिरप्या चकतीच्या डोळ्यांत पडद्याचा खालचा-नाकाकडील भाग मागे फुगलेला असतो आणि तेथे चष्म्याचा नंबर वेगळा पडतो. त्यामुळे क्षेत्राच्या वरच्या-कानाकडील भागात खंड दिसतो. तो मेंदूतील गाठीच्या खंडासारखा भासून विनाकारण भीती निर्माण करतो. मात्र तो गाठीच्या खंडाप्रमाणे मधली उभी रेषा पाळत नाही, आणि अधिक ऋण नंबरचे भिंग लावून चाचणी पुन्हा केली की बहुधा आक्रसतो. ही पुनर्चाचणी मेंदूच्या स्कॅनआधी व्हावी.

पुढच्या भागातील भेद अधिक परिचित आहेत. ढळलेली पापणी वरचे क्षेत्र झाकते व ती पट्टीने उचलून धरावी लागते. खोल डोळे, पुढे आलेली भुवई व उंच नाक कडा कापतात. बाहुली २ मिमीहून लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर सगळेच क्षेत्र मंद होते. जाड भिंगाची कड गोल खंड निर्माण करते.

ठाणे व नवी मुंबईत ही चाचणी ‘फील्ड टेस्ट’ म्हणूनच ओळखली जाते. ‘दिवा दिसला की बटण दाबा’ एवढ्याच सूचनेवर वयस्कर रुग्ण दिवा स्पष्ट दिसेपर्यंत थांबतात. ‘अगदी पुसट वाटला तरी दाबा, आजोबा, निम्मे दिवे कोणालाच दिसत नाहीत’ असे आधी सांगितले तर अहवाल बराच विश्वसनीय येतो. नौपाड्याहून खारघरला घर बदलले की दवाखाना बदलतो आणि त्याबरोबर यंत्रही. वेगळ्या बनावटीच्या यंत्रांवरील आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, म्हणून शक्य असेल तेथे ठाणे–पनवेल लोकलने जुन्याच यंत्राकडे जाणे इष्ट. ते न जमल्यास नव्या ठिकाणी लागोपाठ दोन चाचण्या करून नवा पाया धरतात. जुन्या अहवालांच्या फायलीत चष्म्याचा नंबर, डोळ्याची लांबी, बाहुलीचे माप आणि चकतीचे छायाचित्र जोडलेले असावे.